फायबरवाले आबा

छातीत जळजळणारी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत आमच्या आबांनी या जळजळीला जो मानमरातब मिळवून दिला, तो दुसरीकडे क्वचितच दिसेल. ‘‘रामराम आबा, बरं हाय ना?’’ असं सहज विचारणाऱ्याची खैर नसते. ‘‘कशाचं बरं? हितून हितवर आग व्हायलीय,’’ म्हणत आबा बेंबीपासून गळ्यापर्यंत बोट फिरवतात. मधे ते बोट शर्टाच्या खिशाशी थबकतं. त्या खिशात ईनोची पुडी, गुलाबी गोळ्या, ओव्याची पुरचुंडी आणि तंबाखूची डबी गुण्यागोविंदानं नांदतात.

थंड दूध झालं, आवळा झाला, जिऱ्याचं पाणी झालं. आबांचं पोट काही निवेना. मग दिवाळीला पुतण्या आला आणि त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं. रशियातल्या डॉक्टरांचा 2018 सालचा अभ्यास. जेवणात दिवसाला 20 ग्रॅमपेक्षाही कमी चोथा असलेल्या, जळजळीनं गांजलेल्या 30 जणांना 10 दिवस रोज तीनदा 5-5 ग्रॅम इसबगोल दिलं. बहुतेकांची जळजळ कमी झाली. अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप असते, तिचा दाबही वाढला. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट नाही, हेही पोरगं सांगत होतं. पण तोवर आबा मेडिकलच्या पायऱ्या चढले होते.

दुसऱ्या दिवसापासून हाटेलात नवा कार्यक्रम सुरू झाला. आधी मिरची भज्यांची प्लेट, मग चहा, मग हुकूम : ‘‘पोऱ्या, गिलासभर पाणी आण. आता फायबर घ्यायचंय.’’ इसबगोल ढवळता ढवळता आबा फायबरवर बोलू लागतात. इसबगोल मात्र कुणाचं भाषण संपायची वाट बघत नाही. विषय झडपेपर्यंत येतो, तोवर गिलासात गिळगिळीत गोळा तयार आणि त्यात चमचा बिनआधाराचा उभा! ‘‘बगा, हेच्यात किती ताकद हाय!’’ म्हणत आबा तो गोळा उकरून खातात. इसबगोल भरपूर पाण्यात घालून लगेच प्यायचं, नाहीतर घशात अडकू शकतं, हे डब्यावर छापलेलं असतं. आबा डब्यावरची फक्त किंमत वाचतात आणि घरी येऊन ती काकूंना ऐकवतात.

काकूंचा संताप निराळाच. ‘‘घरात ज्वारीची थप्पी लागलीय. भाकरी खावा म्हणलं तर ह्यांच्या घशाखाली उतरंना, अन् भुसा इकत आणायलेत!’’ काकूंनी अभ्यास वाचलेला नाही, पण हिशेब त्यांचाच बरोबर आहे. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमही नाही. आबांच्या रानात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी मोती’ डुलतं. त्यातली बरीचशी ज्वारी जाते मोंढ्यात, कडबा जातो बैलांना, आणि आबांच्या ताटात येतो मऊ भात नि मैद्याचा पाव. आबांच्या बैलांनी छातीला हात लावल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा आबांचा दोष फायबरच्या माथी मारू नका. भज्यांवर इसबगोल प्यायल्यानं भजी खाल्ली नाहीत असं होत नाही. भाकरी, पालेभाजी, सालासकट डाळी ताटात हळूहळू वाढवा. एकदम वाढवल्या तर पोट फुगतं. पाणी प्या, रात्री जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका. आणि घास अडकायला लागला, वजन उतरू लागलं, किंवा छातीत दुखताना घाम सुटला, दम लागला, तर थेट दवाखाना गाठा. वाटेत आबा भेटले तरी थांबू नका.