सज्जन बाहेरगावी गेला आहे

प्रेमकथेतला सज्जन पहिल्या भेटीतच ओळखू येतो. तो वेळेवर येतो, जोडे पुसून आत येतो, नायिकेच्या आईच्या तब्येतीची चौकशी करतो आणि सगळ्यात आधी आवडतो तो आईलाच. तिथेच त्याचा निकाल लागतो. दुसरा उशिरा येतो, दाराला टेकून उभा राहतो, कुणाशी धड बोलत नाही, आणि वाचकाची नजर त्याच्यावरून हलत नाही. यावर ठरलेलं उत्तर असं की बायकांना वाईट पुरुषच आवडतात. नकार पचवलेल्या पुरुषांत हे उत्तर फार लोकप्रिय आहे. मला ते पटत नाही. सज्जनाच्या हरण्यात सज्जनपणाचा वाटा थोडा. लेखक त्याला ऐन वेळी कामाला पिटाळतो, हे खरं कारण.

जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तला (1811) कर्नल ब्रँडन घ्या. वय पस्तीस, अंगात फ्लॅनेलची बंडी. सोळा-सतरा वर्षांच्या मेरियनने त्या बंडीवरूनच त्याला म्हाताऱ्यांत जमा केलेलं. विलोबी येतो तो मात्र पावसात, डोंगरउतारावर. मेरियनचा पाय मुरगळतो, हा बंदूक आणि कुत्री घेऊन तिथे हजर, आणि तिला उचलून थेट घरात. आता जमाखर्च पाहा. ब्रँडनच्या खात्यात तारुण्यातलं उद्ध्वस्त प्रेम आहे, मोलकरणीने फोडल्यामुळे फसलेला पळून जाण्याचा बेत आहे. त्याने सांभाळलेल्या पोरीला विलोबीने फसवून वाऱ्यावर सोडलं म्हणून तो त्याच्याशी द्वंद्वयुद्धही करून आलाय. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी तीन कादंबऱ्या उभ्या केल्या असत्या. ऑस्टिन ते द्वंद्व चार ओळींत, तेही ब्रँडनच्याच तोंडून, उरकते. पुढे मेरियन तापाने फणफणते, तेव्हा तिच्या आईला आणायला तातडीने कोण निघतं? ब्रँडन. दारात गाडी वाजते, तिच्या थोरल्या बहिणीला, एलिनरला, वाटतं आई आली, आणि उतरतो विलोबी! मग जवळजवळ एक अख्खं प्रकरण तो आपली कैफियत मांडतो, आणि ऐकताऐकता एलिनरसारख्या शहाण्या मुलीलाही त्याची कणव येते. ब्रँडन अजून रस्त्यातच. लग्नघरात गजऱ्यांपासून गुरुजींपर्यंत सगळं आणणारा एक भाचा असतो आणि फोटोत कुठेच नसतो, तसा.

यावर आक्षेप असा की सज्जनात सुधारायला काही नसतं, मग पानं भरायची कशाने? सुधारणा हवी, हे कबूल. पण वाईट नायक सुधारून शेवटी होतो काय? सज्जनच! 'जेन एअर'मधला (1847) रॉचेस्टर म्हणजे वरच्या मजल्यावर बायको कोंडून ठेवून दुसऱ्यांदा बोहल्यावर चढायला निघालेला इसम. शार्लट ब्रॉन्टे त्याचा वाडा जाळते, त्याचा एक हात आणि नजर काढून घेते, आणि एवढी दुरुस्ती झाल्यावरच जेनला त्याच्याकडे परत पाठवते, तीही चुलत्याचा वारसा पदरात घालून. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या (1813) डार्सीत तर दुरुस्तीलाही फारसं काही नाही. त्याच्या पेम्बर्लीच्या वाड्यातली कारभारीण पाहुण्यांना सांगते, मालकांना चार वर्षांचे असल्यापासून बघतेय, वेडावाकडा शब्द कधी ऐकला नाही. म्हणजे हा मुळातला सज्जन. फक्त नाचाच्या समारंभात कपाळाला आठ्या घालून उभा राहायची खोड. त्या कादंबरीतला खरा लबाड तो गोडबोल्या विकम.

हीथक्लिफचं काय, असं कुणी विचारेलच. पण 'वुदरिंग हाइट्स' (1847) गोड प्रेमकथा म्हणून वाचणाऱ्यांची फजिती एमिली ब्रॉन्टेने पुस्तकातच लिहून ठेवलीय. इझाबेला त्याला प्रेमकथेतला नायक समजून त्याच्याबरोबर पळून जाते. निघताना तो तिचं कुत्रं फास लावून टांगतो, आणि पुढे तिच्या त्या समजुतीची तिच्यादेखतच टर उडवतो.

सगळेच सज्जन बिचारे असतात असंही समजू नका. 'जेन एअर'मधलाच सेंट जॉन रिव्हर्स पाहा. देखणा, निर्व्यसनी, धर्मनिष्ठ. तो जेनला हिंदुस्तानी भाषा शिकायला बसवतो, कारण त्याला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात यायचंय आणि तिथे बायको कामाला येईल. प्रेमाचा शब्द नाही, वर त्याला नाही म्हटलं तर देवालाच नाही म्हटल्याचं पाप! 'माझ्यासारख्या चांगल्या मुलाला नकार?' म्हणून गळा काढणारे बहुतेक याच्या गोत्रातले. ब्रँडन असा हिशेब मागत नाही.

तेव्हा प्रेमकथा लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: सज्जनाला प्रवासाला धाडू नका, दिवाणखान्यात बसवा आणि बोलू द्या. ऑस्टिनने तेवढं केलं नाही. मेरियन आणि ब्रँडनचं लग्न ती शेवटच्या प्रकरणात काही परिच्छेदांत लावून मोकळी होते, आणि त्या घाईतही विलोबीचे घोडे, कुत्री आणि शिकार मजेत चालल्याचं कळवायला विसरत नाही.