टाळूला विचारा

अहो वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. ही नानखटाई खा आणि टाळूवर जीभ फिरवून बघा.

चिकटतंय ना? मग! कोपऱ्यावरच्या काकूंची आहे. हळदीकुंकवाला चारचौघींत सांगत होत्या, ‘घरच्या साजूक तुपाची.’ कसलं साजूक न कसलं काय, सरळसरळ डालडा. तूप जिभेवर पडलं की विरघळतं. डालडा तोंडाच्या उबेनं पुरता वितळतच नाही, मेण बसावं तसा बसतो. आणि आकार बघा, कशी टम्म! तुपाची असती तर भट्टीत थोडी तरी पसरली असती.

छे हो, तोंडावर कशाला बोलू? ‘खुसखुशीत झालीय’ म्हटलं. खोटंही नाही ते, डालड्याची होतेच खुसखुशीत.

मी आपली अजून सामान घेऊन बेकरीत जाते. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची. आणि तिथेच स्टूल ओढून बसते. आपलं तूप आपल्याच परातीत पडतंय ना, बघायला नको? कारागीर तूप-साखर तळहातानं घासत राहतो, पार पांढरीफटक होईस्तोवर. ते झालं की मैदा, चिमूटभर सोडा, गोळे वळले की पत्र्यावर. पण पाव निघाल्याशिवाय पत्रा आत जात नाही बरं का! पावाला धग कडक लागते. पाव बाहेर आले की भट्टी उतरणीला लागते, त्या मंद आचेवर नानखटाई सावकाश भाजते, माथ्यावर तडकते. घाईनं आत ढकलली तर बूड करपतं.

तिकडे मुंबईत २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टानं बेकऱ्यांना सांगितलं ना, सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडा म्हणून! आमच्या जाऊबाई खूश. गिरगावात त्यांच्या खिडकीखालीच बेकरी, वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी. धूर वाईटच, त्यात काय बोलायचं. पण लोक चव गेली म्हणून रडतात ते मला नाही पटत. नानखटाईला धुराचा वास हवाय कुणाला? भट्टीच्या जाड विटा तेवढ्या राहू देत. ऊब धरून ठेवतात त्या विटाच, खाली गॅस असो नाहीतर लाकूड.

बरं, दिवाळीच्या आधी गर्दी उसळते, म्हणून मी शनिवारी दुपारीच जाणार आहे. याल का? रिकामा डबा घ्या, आणि तूप आपापलं हं!

काकूपण येते म्हणाल्यात. बघू, पिशवीतून काय निघतंय ते.