खेळघरातलं घड्याळ

प्लॅस्टिकच्या खेळघरात सगळं असतं. पिवळं छप्पर, लाल दार, टपालाची फट, भिंतीतच ओतलेला फोन आणि भिंतीतच ओतलेलं घड्याळ, ज्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. नसतो तो वारा. मुलांना त्याची गरज पडत नाही, कारण ती आत फार वेळ टिकतच नाहीत. आमच्या नातीने तिथे जेमतेम एक हिवाळा संसार केला. मग तिचे आईबाप पुण्याला गेले आणि बनारसच्या ककरमत्त्यातल्या आमच्या परसात ते घर रिकामं पडलं.

आमचे हे डीएलडब्ल्यूतून, म्हणजे इथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. कारखान्याचं नाव 2020 मध्ये बनारस रेल इंजिन कारखाना झालं, तरी घरात आम्ही डीएलडब्ल्यूच म्हणतो. याच कारखान्याने जुन्या डिझेल इंजिनांचं विजेवरचं इंजिन करून दाखवलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. अशा ठिकाणी हयात काढलेल्या माणसासमोर रिकामं खेळघर ठेवणं धोक्याचंच. त्याचं खुराडं करायचं ठरलं.

जुन्या घराचं असं दुसरंच काही करणं काशीत नवं नाही. मानसिंगाने घाटावर महाल बांधला, जयसिंगाने त्याच्या गच्चीवर वेधशाळा बसवली. नागपूर दरबारातल्या मुन्शींचा वाडा दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, आता तिथे हॉटेल आहे. हे सगळं मी शेजारणीला ऐकवलं. तिचा प्रश्न निराळा होता: ब्राह्मणाच्या घरात मुर्गी? मनुस्मृतीत गावठी कोंबडा वर्ज्य आहे तो खायला, पाळायला नव्हे, हे उत्तर ह्यांनी तयार ठेवलं होतं. अंड्यांचं तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा पंखा. त्यात बनारसचा मे महिना, पारा 45 अंशांच्या आसपास, आणि तापणारं प्लॅस्टिक. म्हणून घर आधी कडुलिंबाखाली सरकलं, मग विटांवर चढलं. गरम हवा निघून जावी म्हणून छपराच्या लगत समोरासमोर भोकं पाडली. खिडक्यांना ती पातळ षट्कोनी जाळी लावू दिली नाही. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. वेल्ड केलेली बारीक चौकोनी जाळी आणली. दाराची कडी माकडाला उघडता येणार नाही अशी आहे, असं हे म्हणतात. बनारसच्या माकडाबद्दल मी असं काही बोलणार नाही. आत भाताचं तूस पसरलं आणि झोपायला आडवा बांबू टाकला. खेळातल्या ओट्याचं सिंक कुणाच्याच लक्षात नव्हतं. पहिल्या तलंगेने ते हेरलं, तिथलं तूस उकरलं आणि अंडं घातलं. त्या ओट्यावर झालेला तो पहिला खरा पदार्थ.

कोंबड्यांची तक्रार नाही. कोंबडा मात्र मध्यरात्री आरवू लागला. समोरचे पंडितजी पहाटे गंगास्नानाला जाणारे. ते दीड वाजता धोतर नेसून बाहेर आले आणि रागावून परत गेले.

याच गावात हे पूर्वीही घडलं आहे. अकालरावी जातकात बनारसच्या एका आचार्यांचे पाचशे शिष्य कोंबड्याच्या बांगेवर उठून अभ्यासाला बसत. तो मेला. मग एकाला स्मशानातल्या रानात दुसरा कोंबडा सापडला. हा वाटेल तेव्हा आरवे. मुलं मध्यरात्री उठून घोकत आणि पहाटे पेंगत. शेवटी त्यांनी त्याची मान मुरगळली. याला कुणी वळणच लावलं नव्हतं, असं आचार्य म्हणाले.

मला हा निकाल एकतर्फी वाटतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवला तरी तो आपल्या पहाटेला आरवतो. पण अवेळी उजेड पडला किंवा दुसरा कोंबडा ओरडला, तर तेव्हाही बांग देतो. स्मशानात वाढलेल्या त्या बिचाऱ्याने रात्रभर चितांचे उजेड पाहिले असतील. आमच्याकडे चिता नाही, पण गल्लीतला पांढराशुभ्र एलईडी दिवा थेट खुराड्याच्या खिडकीत येतो.

ह्यांनी त्या एका खिडकीवर गोणपाट टाकलं, भोकं मोकळी ठेवून. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमचं झाकणं खोटं तांबडं फुटू नये म्हणून. मध्यरात्रीची बांग थांबली. पहाटेची येते, पण गोणपाटामागून, जरा दबकी.

परवा पंडितजी उशिरा, ऊन चढल्यावर स्नानाला निघाले. फाटकाशी थांबून त्यांनी ह्यांना विचारलं, "का गुरू, मुर्गवा बीमार हौ का?"