बेटकुळी

ब्लाउजं शिवायच्या टेपनं दंड मोजू नये. मोजायचाच असेल, तर बायको घरात नसताना मोजावा. "श्वास कशाला रोखलाय? तो काय दंडात जातो?" असं ती दारातून म्हणाली, तेव्हा टेप पावणेतेरा दाखवत होती. मूठ सैल सोडली आणि पाव इंच गेला.

व्यायामाला तीन महिने झाले होते. आठवड्यातून दोनदा, दर खेपेला वीस मिनिटं. ही पद्धत मला तिच्या शास्त्रामुळे पटली, असं मी चारचौघांत सांगतो. खरी पटली ती वीस मिनिटंच. प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण वजन जागचं हलेनासं होईपर्यंत. झटका द्यायचा नाही, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. मग दोन-तीन दिवस आराम, कारण स्नायू वाढतो तो उचलून झाल्यावर. आरामात वाढणारी गोष्ट मला तोवर एकच ठाऊक होती, आणि तिला टेप लावायची माझी तयारी नव्हती.

या पंथाचा मूळपुरुष आर्थर जोन्स. नॉटिलस यंत्रं काढणारा, मगरींचा शौकीन, विक्षिप्त अमेरिकन. मे 1973 मध्ये त्यानं कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत केसी व्हायेटर नावाच्या पठ्ठ्याला 28 दिवस व्यायामाला जुंपलं. वजन 45 पौंडांनी वाढलं, वर 18 पौंड चरबी गेली, म्हणजे स्नायू 63 पौंड, असा जोन्सचा हिशेब. साडेअठ्ठावीस किलो! जवळजवळ भरलेला गॅस सिलिंडर, तोही महिन्याच्या आत अंगावर. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, वाण्याला सुट्टे मोजताना सांगितलं. एक बारीकशी गोष्ट मात्र सगळीकडे गाळली. व्हायेटर 1971 मध्ये, एकोणिसाव्या वर्षीच, मिस्टर अमेरिका झाला होता. पुढे अपघातात त्याच्या बोटाचा तुकडा गेला, धनुर्वाताच्या इंजेक्शनची रिॲक्शन आली आणि तो पार उतरला. म्हणजे कोलोरॅडोत त्यानं बरंचसं गमावलेलंच परत मिळवलं. कमावलेलं शरीर पुन्हा लवकर भरतं. मी मुळात कमावलंच कधी होतं?

कमावलं होतं ते माझ्या वडिलांनी, अण्णांनी. कोल्हापूरची तालीम, पहाटेच्या पाचशे बैठका, वस्तादांच्या शिव्या. आता एक्क्याऐंशी. सोफ्यापाशी येतात आणि अंग सोडून देतात. धप्प! त्या आवाजानं माझं डोकं फिरायचं. "सावकाश बसा ना अण्णा, सोफा मोडेल," असं मी किती वेळा म्हणालो असेन, मोजलेलं नाही. मग एकदा लेग प्रेसचं वजन खाली आणताना माझ्या मांड्या लटलटल्या, हातातून सुटल्यासारखं वजन खाली आदळलं आणि आवाज तोच आला. धप्प. अण्णा निष्काळजीपणे बसत नव्हते. सावकाश खाली यायलाही बळ लागतं, आणि तेवढं त्यांच्यात उरलं नव्हतं. मी दोन वर्षं सोफ्याची काळजी करत होतो.

डॉक्टरांना विचारून अण्णांच्या बैठका सुरू केल्या. भिंतीला टेकवलेली जेवणाची खुर्ची, त्यावर दोन उश्या, समोर टेबलाची कड. बसताना चार आकडे, उठताना चार.

"चार कुठं झाले? पळतंय काय तुझं गाडं?"

"अण्णा, मी नीटच मोजतोय."

"आमच्या वस्तादांनी तुला आखाड्याची माती चाळायलाही ठेवला नसता."

पहिल्या दिवशी तीन झाल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. दिवाळीच्या सुमारास नऊ. दहावीला अर्ध्यावर थांबले, मांड्या थरथरत होत्या, पण टेबलाला हात लावला नाही. चार आकडे पुरे करूनच टेकले. आवाज आला नाही.

मग बंडीची बाही वर सारली. कातडी लोंबत होती; तिच्याखाली लिंबाएवढं काहीतरी हळूच वर आलं. बैठकांचा आणि दंडाचा काही संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "ती टेप आण बघू."

तिनं दोनदा मोजलं. आकडा मला दोघांनीही सांगितला नाही.