खात्रीलायक सूत्रांचा कॅमेरा

नव्या कॅमेऱ्यात काय काय असणार हे आता सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. अपवाद फक्त तो बनवणाऱ्या कंपनीचा. तिला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

सध्या हवा आहे ती निकॉनच्या झेड ९ च्या वारसाची. मूळ झेड ९ जाहीर झाला २८ ऑक्टोबर २०२१ रोजी. ४५.७ मेगापिक्सेल, सेकंदाला २० रॉ फोटो, बॅटरी-कार्डासकट वजन १,३४० ग्रॅम आणि आत यांत्रिक शटर नावालाही नाही. 'खटॅक' ऐकल्याशिवाय फोटो निघाल्यासारखं वाटत नसेल, तर कॅमेरा तो आवाज स्पीकरमधून वाजवून दाखवतो. एवढं झाल्यावर माणसाने गुमान फोटो काढावेत की नाही? पण हौशी मंडळींना हातातल्या कॅमेऱ्याचा कंटाळा फार लवकर येतो, आणि हातात नसलेल्याचा कधीच येत नाही.

तर वारसाकडून अपेक्षा माफक आहेत. साठच्या वर मेगापिक्सेल हवेत, पण फाइल लहान हवी. ग्लोबल शटर हवं, पण त्यापायी सावलीतला तपशील रेसभरही जाता कामा नये. बॅटरी थोरल्याची, अंग धाकट्याचं. आणि किंमत वाजवी. पुण्यात वाजवी म्हणजे समोरच्याने आपण न बोलता, शरमेने स्वतःहून कमी केलेली.

पुण्याचं नाव घेतलं कारण ही चर्चा जवळून पाहायची तर थंडीतल्या रविवारी सकाळी कवडीपाटला जावं. मुळा-मुठेच्या पात्रात जलपर्णी, तिच्यामधून वाट काढणारे चक्रवाक, शेकाटे, धोबी; आणि काठावर तिवई रोवून बसलेले आमचे लोक. निवृत्त बँक मॅनेजर काका, एक सीए, एक दंतवैद्य डॉक्टरबाई. तिघांच्या गळ्यात मिळून एका टू-बीएचकेचं डाउन पेमेंट लोंबत असतं. चक्रवाक पहाटेपासून समोर उभा आहे, उजेड बाजूने येतोय, पण काकांची पाठ नदीकडे आहे.

"काका, बघा ना, पंख पसरतोय."

"पसरू दे. आयएसओ कुठे जाईल माहितीये? नवा आला की काढू."

पंख पसरणं हे चक्रवाकाचं रोजचं काम असल्याने तो फारसं मनावर घेत नाही.

मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्या देणाऱ्या आमच्या राजकीय प्रतिनिधीलाही हेवा वाटावा, अशी सूत्रं या मंडळींकडे असतात. त्यात सर्वांत मानाचं सूत्र म्हणजे सरकारी नोंद. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेलं यंत्र विकायचं तर चीन, रशिया, कोरिया अशा देशांत सरकारी खात्यांकडे आधी नोंदवावं लागतं. या नोंदीत कॅमेऱ्याचं नाव नसतं. सांकेतिक क्रमांक असतो आणि वायफाय कुठल्या पट्ट्यात चालतं याची माहिती असते. आमच्या सीएला एवढं पुरतं. ताळेबंदात न लिहिलेलं वाचण्यात उभी हयात गेलेली. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा दिसला की तो म्हणतो, "म्हणजे प्रो बॉडी." क्रमांकाच्या शेवटी सहा असला की म्हणतो, "साठ मेगापिक्सेल, उगाच नाही दिलेला." शेवटी शून्य आला तेव्हा तो दोन दिवस फोन उचलत नव्हता.

दुसरं सूत्र म्हणजे फुटलेला फोटो. याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. ही तीच माणसं आहेत जी दुसऱ्याने काढलेल्या वाघाच्या मिशा शंभर टक्के झूमवर मोजतात आणि "छान आहे, पण टॅक शार्प नाही," असं सांगून त्याचा दिवस नासवतात. पण जगातल्या सर्वोत्तम कॅमेऱ्याचा चोरटा फोटो येतो तो कायम टेबलाखालून, मोबाईलवर, हात हलवून, पिवळ्या दिव्यात काढलेला. नॉईज इतका की तो कॅमेरा आहे की इस्त्री, हे सांगता येत नाही. तिथे कुणी फोकसबद्दल चकार शब्द काढत नाही. उलट डॉक्टरबाई एक्स-रे धरावा तसा फोन उजेडाकडे धरतात आणि निदान करतात: "इथे बघा, डाव्या खांद्यावर एक जास्तीचं बटण आहे." मला तिथे अंगठा दिसला होता. पण डॉक्टरांशी वाद घालू नये.

या सूत्रांना कधीकधी यश येतं, हीच पंचाईत आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एक छायाचित्रकार कॅननचा तेव्हा बाजारात न आलेला आर ३ घेऊन फिरत होता. मेगापिक्सेल किती हे कंपनीने गुलदस्त्यात ठेवलेलं. त्याने फोटो प्रसिद्ध केले आणि फोटोच्या पोटातल्या माहितीत लोकांना आकडे सापडले: ६००० गुणिले ४०००. म्हणजे २४ मेगापिक्सेल. गुणाकार चौथीतल्या पोराचा होता. पण तो मान्य केला तर पंचेचाळीसची आशा सुटते. मग सिद्धान्त निघाला की कंपनीने मुद्दाम आकडा दाबून ठेवलाय, खरा सेन्सर मोठा आहे. १४ सप्टेंबरला कॅमेरा आला. २४ चाच होता.

कंपन्या बिचाऱ्या या अफवांच्या बळी आहेत, असं कुणी समजू नये. त्याच वर्षाचा हिशेब बघा. २६ जानेवारी २०२१ ला सोनीने ए १ आणला, ५० मेगापिक्सेल आणि सेकंदाला ३० फोटो. निकॉनवाले चुळबुळू लागले, तर १० मार्चला निकॉनने जाहीर केलं की आम्ही झेड ९ बनवत आहोत. कॅननवाले बेचैन झाले, तर १४ एप्रिलला कॅननने जाहीर केलं की आम्ही आर ३ बनवत आहोत. कॅमेरा नाही, किंमत नाही, तारीख नाही. नुसतं बनवत आहोत. आपल्याकडे पुलाचं भूमिपूजन करतात ते तरी नारळ फोडून. इथे एक काळोखातला फोटो आणि एक पत्रक. उद्देश एवढाच की गिऱ्हाइकाने लेन्सा विकून शेजारच्या दुकानात जाऊ नये. 'येतोय' हा शब्द सगळ्यात स्वस्तात तयार होतो, आणि तो विकायला दुकान लागत नाही.

यामागे गरजही आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये ७७ लाख. खिशातला छोटा कॅमेरा मोबाईलने गिळला, सहलीचा आणि मुंजीचाही गिळला. उरला तो वरचा मजला, जिथे एका बॉडीला पाच-सहा हजार डॉलर मोजणारे राहतात. तिथल्या प्रत्येक भाडेकरूला धरून ठेवावं लागतं.

कॅननचा आर १ ज्यांनी पाहिला, त्यांना वाट पाहण्याचं फळ कळलं. वर्षानुवर्षं बोलबाला होता. कुणी पंचेचाळीस म्हणे, कुणी थेट ऐंशीच्या पुढे. १५ मे २०२४ ला 'बनवत आहोत' झालं, १७ जुलैला कॅमेरा प्रकटला. २४ मेगापिक्सेल, ६,२९९ डॉलर. हौशी मंडळींनी सुतक पाळलं. वास्तविक तो कॅमेरा ज्याच्यासाठी होता, त्या स्टेडियममधल्या माणसाला २४ च हवे असतात. त्याला फोटो निघाल्यावर मिनिटभरात वृत्तसंस्थेकडे धाडायचा असतो आणि तिकडे तो छापला जातो चार कॉलमांत. पण कवडीपाटच्या काकांना चार कॉलम नकोत. पन्नास फुटांवरचा खंड्या क्रॉप करून त्याच्या डोळ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघायचंय.

ग्लोबल शटरचं प्रकरण मात्र खरंच मजेशीर आहे. साधा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, वरून खाली. वाचन संपेपर्यंत फलंदाजाची बॅट पुढे गेलेली असते, म्हणून ती फोटोत विळ्यासारखी वाकते. झेड ९ सारख्यांत ही वाचणी इतकी जलद केली की वाक जवळजवळ दिसेनासा झाला. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ए ९ थ्री आणला, त्यात सगळ्या ओळी एकदमच वाचल्या जातात. बॅट सरळ, सेकंदाला १२० फोटो. मोबदल्यात मूळ आयएसओ २५० पासून सुरू, म्हणजे अंधाऱ्या-उजळ तपशिलात थोडी तोशीस. निसर्गात फुकट काही मिळत नाही, पण हे निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना कोण सांगणार?

हा वेग लग्नात उपयोगी पडेल असं वाटून मी आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफर दादाला विचारलं. अंतरपाट सरतो, अक्षता उडतात, प्रत्येक दाणा टोकदार! तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सेकंदाला एकशेवीस म्हणजे त्यात मामाचे जांभई देतानाचे पन्नास. ते निवडणार कोण?" त्याला नव्या कॅमेऱ्याची वाट बघायला वेळ नाही. त्याच्याकडे मागच्या पिढीच्या दोन बॉडी आहेत, दोन्हींचे हप्ते चालू. त्याची मागणी एकच, कार्डाचे खाचे दोन पाहिजेत. २०१८ मध्ये निकॉनच्या झेड ७ ला आणि कॅननच्या पहिल्या आर ला एकच खाचा दिला, तेव्हा त्याचं रक्त खवळलं होतं. कारण कार्ड गेलं तर मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येत नाहीत.

आता उष्म्याबद्दल. जुलै २०२० मध्ये आलेल्या कॅननच्या आर ५ मध्ये ८के चित्रण होतं. ते २३ अंशांत साधारण २० मिनिटं चालेल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. २०२४ च्या आर ५ मार्क टू साठी वेगळी पंखा लावलेली ग्रिपच काढली. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश छापलेली असते. ताडोबाचा खरा हंगाम मे महिन्यात, तेव्हा चंद्रपुरात पारा ४५ च्या वर. पुस्तिकेप्रमाणे चालायचं तर वाघ पाणवठ्यावर येतो नेमका त्या वेळी कॅमेऱ्याने जिप्सीत यायलाच नको. पण तेवीस अंशांवर हळहळणारे आमचे लोक पंचेचाळीसमध्ये कॅमेऱ्यावर ओला पंचा टाकून बसतात आणि तो निमूट चालतो. मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे चार तास एकही अफवा पोचत नाही. काकांच्या आयुष्यातले उत्तम फोटो सगळे त्या चार तासांतले आहेत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

निकॉनने तर या मंडळींचा छळच मांडला. नवा कॅमेरा काढायचा सोडून जुनाच फुकटात सुधारत बसले. एप्रिल २०२२ मध्ये एक फर्मवेअर, जून २०२३ मध्ये दुसरं. त्यात असं की कॅमेरा तिवईवर ठेवून निघून जा, हालचाल दिसली की तोच फोटो काढेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पक्षी ओळखायची वेगळी सोय. काका भयंकर चिडले. "असं जुन्यातच सगळं देत गेले तर माणसाने नव्याची वाट बघायची कशासाठी?" त्यांच्या नशिबाने एक उणीव शिल्लक आहे. शटर दाबण्याच्या आधीचा सेकंदभर कॅमेरा आठवून ठेवतो, म्हणजे खंड्याने सूर मारल्यावर बोट दाबलं तरी सूर मारण्याआधीचा क्षण मिळतो. पण झेड ९ मध्ये हे जेपेगमध्येच. रॉ नाही. या एका उणिवेवर काकांनी दोन हिवाळे तगून काढले.

परवा मात्र कट्ट्यावर देशाभिमान जागा झाला. कॅननच्या आर १ आणि आर ५ मार्क टू मध्ये एक सोय आली होती. खेळ ओळखून नेमका कुणावर फोकस ठेवायचा ते कॅमेरा ठरवतो. फुटबॉलला किक मारणारा, बास्केटबॉलला नेम धरणारा, व्हॉलीबॉलला स्मॅश मारणारा. आले तेव्हा खेळ हे तीनच. क्रिकेट नाही. कबड्डीचा प्रश्नच नाही. ठराव झाला की वारसाने हा अन्याय दूर केला पाहिजे. मागणीपत्रात क्रिकेट आलं, कबड्डी, खो-खो आलं आणि डॉक्टरबाईंच्या आग्रहाने दहीहंडी.

सीएने पेन थांबवलं. "दहीहंडीत फोकस कुणावर? हंडी फोडणाऱ्यावर की खालच्या थरावर?"

"वरच्यावर," काका.

"आणि थर कोसळला तर? वरचा दीड सेकंदात खाली. कॅमेरा त्याच्याबरोबर उतरेल की हंडीवर थांबेल?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, खालच्यावर ठेवा, फ्रॅक्चर त्याला होतं. काका बराच वेळ विचार करत राहिले. मग न आलेल्या कॅमेऱ्याची बाजू घेत म्हणाले, "पहिल्याच फटक्यात सगळं मागू नये रे. ते मार्क थ्रीमध्ये देतील."