अठरा टन आणि तीन घराणी

अमेरिकेत जड ट्रेलर ओढण्यासाठी मोठे डिझेल पिकअप ट्रक बनवणाऱ्या कंपन्या तीन: फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम. त्यांची इंजिने अनुक्रमे पॉवरस्ट्रोक, ड्युरामॅक्स आणि कमिन्स. या तिन्हींच्या भक्तांची, गायकीत असावीत तशी, घराणी आहेत आणि दुसऱ्या घराण्याचे नुसते कौतुक करणे हाही तिथे बाटण्याचाच प्रकार समजला जातो. वादाचा निकाल पुष्कळदा ट्रकच्या मागच्या काचेवर लागतो. प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोधचिन्हावर लघवी करणाऱ्या मुलाचे स्टिकर तिथे चिकटवले, की तांत्रिक चर्चा पूर्ण झाली.

ओढायचे असते ते गुराघोड्यांचे ट्रेलर, गवताचे भारे, खोदाईची यंत्रे आणि सर्वांत मानाचे म्हणजे निवृत्त जोडप्याचे चाकांवरचे घर. या घरात फ्रिज असतो, सोफा असतो, कधी विजेची शेकोटीही असते, आणि सगळ्याचे मिळून वजन सात-आठ टन भरते. व्यवसायासाठी ओढणाऱ्याचा ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंड, म्हणजे पावणेबारा टन किंवा त्याहून जास्त भरत असतील तर त्याला वेगळा परवाना लागतो. पण मौजेसाठी स्वतःचे घर ओढणाऱ्याला बहुतेक राज्यांत त्यातून सूट आहे. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत छोटी मोटार चालवणारे आजोबा आज सकाळी सात टनांचे बिऱ्हाड घेऊन महामार्गावर येऊ शकतात, आणि येतात.

या ट्रकांची वर्गवारी ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ आणि ‘एक टन’ अशी आहे. एके काळी तेवढे वजन पाठीवर घेता येई म्हणून ही नावे पडली. पुढे ट्रक वाढत गेले, नावे तशीच राहिली. ‘एक टन’ वर्गातला ट्रक आज पाठीवर तीन टनांच्या आसपास घेतो, आणि त्याच्याही वरच्या पायरीवरचा फोर्ड एफ-४५० कंपनीच्या सांगण्यानुसार ४०,००० पौंड, म्हणजे अठरा टन ओढतो.

जाहिरातीत मिरवला जातो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. १९८९ साली डॉजच्या (आजच्या रॅमच्या) पिकअपमध्ये ५.९ लिटरचे कमिन्स आले तेव्हा त्याची ताकद १६० अश्वशक्ती आणि ४०० पौंड-फूट होती, आणि तेवढ्यावर लोक थक्क झाले होते. २०१९ मध्ये रॅमने हजाराचा आकडा गाठला. २०२३ मध्ये फोर्डने १२०० गाठला, सोबत ५०० अश्वशक्ती. त्यानंतर ड्युरामॅक्स ४७० अश्वशक्ती आणि ९७५ पौंड-फूट, तर कमिन्स ४३० आणि १०७५ वर पोचले. या शर्यतीत एक साधी गोष्ट मागे पडते. पीळ गिअरबॉक्सनेही वाढवता येतो. तो कमी पडला तर खालचा गिअर टाकावा. घाटात ओझ्यासकट वेग किती टिकेल हे ठरते अश्वशक्तीवर, म्हणजे पीळ आणि फेरे यांच्या गुणाकारावर. पण गुणाकार बंपरवर छापायला अवघड जातो.

तिघांत वडीलकी कमिन्सची. हे इंजिन सरळ सहा सिलिंडरचे, लांब स्ट्रोकचे आणि सुमारे अर्ध्या टनाचे आहे. ते मुळात ट्रॅक्टर, खोदाईयंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी केलेले; पिकअपमध्ये ते पाहुणे म्हणून आले आणि घरमालक झाले. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे संतुलन निसर्गतःच चांगले असते, क्रँकला सात बेअरिंगांचा आधार मिळतो, आणि हेड एकच असल्याने काम काढायला सोपे पडते. त्याच्या दीर्घायुष्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती भोवतीच्या ट्रकबद्दल. नव्वदीच्या दशकातल्या डॉजचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनापुढे टिकत नसे, पत्रा गंजत असे, आणि शेवटी मालकाच्या हाती निरोगी इंजिन उरे. इंजिनालाही एक शाप होता: टायमिंग गिअरच्या कव्हरमागची बोटाच्या पेराएवढी एक पिन सैल होऊन गिअरांत पडू शकत असे. भक्तांनी तिला ‘किलर डॉवेल पिन’ असे नाव ठेवले आणि इंजिनावरची श्रद्धा जशीच्या तशी ठेवली. पुढे २०१३ ते २०१९ च्या रॅम ट्रकांत प्रदूषण-चाचणीला चकवणारी यंत्रणा असल्याच्या आरोपावरून कमिन्सवर १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दिवाणी दंड बसला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड. कंपनीने चूक मान्य केली नाही, दंड मान्य केला.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली पुण्यात स्थापन झाली आणि कमिन्सच्या नावाचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय कर्वेनगरात आहे. टेक्सासमध्ये ज्याच्या नावाने शपथा घेतात ते ५.९ लिटरचे इंजिन जमशेदपूरला बनून टाटाच्या ट्रकांतून निमूटपणे माल ओढत राहिले. इकडे त्याच्या नावाचे स्टिकर कोणी लावले नाही. ट्रकमागची जागा आधीच ‘हॉर्न ओके प्लीज’ने अडवली होती.

फोर्डचा इतिहास नाट्यमय आहे. १९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंत चाललेले ७.३ लिटरचे पॉवरस्ट्रोक नॅव्हिस्टार कंपनी बनवत असे. ते आवाजाला मोठे, चालीला मंद आणि आयुष्याला चिवट. त्याच्यानंतर आलेल्या ६.० लिटरच्या इंजिनाने मात्र अमेरिकेतल्या मेकॅनिकांच्या मुलांची कॉलेजची फी भरली. त्याचा रोग साखळीने वाढे. आधी ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने तुंबत. मग ऑइल कूलरमधून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असलेला, धूर थंड करणारा ईजीआर कूलर कोरडा पडून तडके. त्यातले पाणी सिलिंडरमध्ये जाई, दाब वाढे, आणि प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट असलेले हेड किंचित उचलले जाऊन गॅस्केट जाई. जाड स्टड आणि नवा कूलर बसवून इंजिन ‘बुलेटप्रूफ’ करून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच त्यावर उभा राहिला. वॉरंटीचा खर्च कोणी सोसायचा यावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार २००७ मध्ये कोर्टात गेले आणि २००९ मध्ये त्यांनी तडजोड केली. मधल्या काळात आलेल्या ६.४ लिटरच्या इंजिनाचे मोठे काम निघाले, की मेकॅनिक बहुधा इंजिन काढत नसत, ट्रकची केबिनच चेसिसवरून उचलत. २०११ पासूनचे ६.७ लिटरचे इंजिन फोर्डचे स्वतःचे आहे आणि सध्याची कीर्ती त्याचीच.

जनरल मोटर्सला आधी पाप धुवायचे होते. १९७८ ते १९८५ या काळात तिच्या ओल्ड्समोबिल विभागाच्या ५.७ लिटर डिझेलने हेडचे बोल्ट असे काही तोडले, की अमेरिकन मोटारमालकांच्या एका पिढीचा डिझेलवरचा विश्वासच उडाला. २००१ मध्ये इसुझूच्या भागीदारीत आलेल्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सने तो परत मिळवला: कॉमन रेल, मवाळ आवाज आणि मागे ॲलिसनचा गिअरबॉक्स. पहिल्या आवृत्तीचे इंजेक्टर मात्र व्हॉल्व्ह कव्हरखाली दडवलेले आणि लवकर बिघडणारे निघाले, तेव्हा कंपनीने त्यांची हमी ७ वर्षे किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवून दिली. गप्प बसून काम करणारा हा ट्रक आहे. घराण्यांच्या भांडणात तेवढेच त्याच्या विरुद्ध जाते.

ओढण्याची क्षमता पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या उदारतेनुसार जाहीर करी. मग वाहन-अभियंत्यांच्या एसएई संस्थेने जे२८०७ हे प्रमाण ठरवले. त्यात ॲरिझोनातली डेव्हिस डॅमची लांबलचक चढण, उन्हाळ्यातल्या उष्णतेत आणि एसी पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने चढावी लागते. हे प्रमाण सर्वांत आधी स्वीकारले टोयोटाने. अमेरिकी तिघे काही वर्षांनी आले.

चढणीपेक्षा उतार गंभीर. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप पेट्रोलसारखी नसल्याने ॲक्सिलरेटर सोडला तरी ते फारसे रोखत नाही. म्हणून टर्बोची पाती मिटून धूर कोंडणारा एक्झॉस्ट ब्रेक हवा. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडून खाली येताना सात टक्के उतारावर मागून घर ढकलत असते, तेव्हा टॉर्कचा आकडा कोणालाही आठवत नाही. आज तिन्ही कंपन्या असा ब्रेक देतात. त्यातले फरक तज्ज्ञांनाही घाट उतरल्यावरच सांगता येतात.

आणखी एक कोडे दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेले असते: ट्रकच्या पाठीला किती वजन पेलेल याचा आकडा. चाकांवरच्या घराचे १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येते. जड डिझेल इंजिन स्वतःच त्या पाठीच्या हिशेबातून खाते. त्यामुळे आठ टन सहज ओढू शकणाऱ्या ‘पाऊण टन’ ट्रकची पाठीवरची क्षमता आजोबा, आजी, कुत्रा आणि पाण्याची टाकी चढल्यावर संपलेली असते. असा ट्रक विकत घेताना हा आकडा वाचणारे थोडे. इंजिनाचा आवाज ऐकणारे सगळे.

निकाल असा: रोज दहा टनांवर ओढून पोट भरणाऱ्याने मागे चार चाके असलेला ‘एक टन’ ट्रक घ्यावा आणि तिघांपैकी ज्याचे सर्व्हिस सेंटर जवळ ते इंजिन निवडावे. आवाज नको त्याने ड्युरामॅक्स, घाटात घाई असेल त्याने पॉवरस्ट्रोक, आणि इंजिन नातवाला द्यायचे असेल त्याने कमिन्स घ्यावे. पण वर्षातून दोन-तीनदाच घर बाहेर काढणाऱ्याने डिझेलचे दहा हजार डॉलर आणि धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या टाकीची कटकट वाचवून फोर्डचे २०२० पासूनचे पेट्रोल इंजिन घ्यावे. तेही ७.३ लिटरचेच आहे, त्यामुळे चारचौघांत आकडा सांगताना अडचण येत नाही.