स्लॅबचा भाव

गेवराई तालुक्यात घराची किंमत काढायला इंजिनिअर लागत नाही, मान वर केली की झालं. वर माळवद दिसलं तर गिऱ्हाईक फक्त जागेचा भाव बोलतं, पत्रे दिसले तर ओट्यावर टेकतं आणि स्लॅब दिसला की आत येऊन चहा घेतं.

हे योग्यच आहे. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर हातभर पांढरी माती. मे महिन्यात बाहेर 42 अंश असले तरी आत गारवा. असल्या घराला पैसे कोण मोजणार? सरकारनेही 2016 पासून कच्च्या छताची कीव करून घरकुलाला 1 लाख 20 हजार ठेवलेत. स्लॅब मात्र दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री घरच्यांना इमानदारीने परत करतो. सोयरिकीतही म्हणूनच आधी स्लॅब विचारतात, मुलगा नंतर.

आमची नम्र सूचना: भाव चौरस फुटावर नको, अंशावर ठरवा. दुपारी तीन वाजता दोन्ही पक्षांनी पंखा बंद करून खोलीत बसावं. घेणाऱ्याला घेरी आली की इसार पक्का. स्लॅब गळून वर पत्र्याचं शेड मारलेलं असेल तर दोन छतांचे पैसे. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांचा गंज वजनावर.

पाडलेल्या माळवदाच्या तुळया टेम्पोत बसून पुण्याकडच्या रिसॉर्टला जातात. तिथे मातीच्या खोलीत उन्हाळ्याच्या दोन रात्री काढायला स्लॅबवाले सहकुटुंब येतात. एसी नसल्याचे पैसे वेगळे.